मैदानाचे दार : फुटबॉलपटू लिली पार हिची हकिकत



वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. बाजारहाटासाठी वर्ध्याला गेलेला खेड्यातला माणूस सवड काढून तिथे डोके टेकून येतो. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याच्या या मंदिराचे दार, अस्पृश्य ठरवून बाहेर ठेवलेल्या बांधवांसाठी उघडले. त्या काळी ही लहानसहान गोष्ट नव्हती. पण विचार करा, दार उघडण्यासाठी त्या दिवशी काय बदलले? देव तोच होता, मूर्ती तीच होती, दगडी पायऱ्याही त्याच होत्या. बदलले ते माणसांचे मन. दार बंद ठेवले होते माणसांनी, आणि उघडले तेही माणसांनीच.

आज मी आपल्याला दुसऱ्या एका दाराची हकिकत सांगणार आहे. हे दार मंदिराचे नाही, खेळाच्या मैदानाचे आहे. वर्ध्याचे मंदिर खुले झाले त्याच्या सात वर्षे आधी, म्हणजे १९२१ साली, दूर इंग्लंडात काही मंडळी टेबलाभोवती बसली आणि एका ठरावाने त्यांनी मैदानाचे दार स्त्रियांना बंद केले. ते जवळजवळ पन्नास वर्षे बंद राहिले. आणि त्या बंद दाराबाहेर एक बाई तीस वर्षे चेंडू खेळत राहिली. तिचे नाव लिली पार.

आपण म्हणाल, विलायतेतल्या चेंडू खेळणाऱ्या बाईशी आम्हा आर्वी-हिंगणघाटच्या माणसांना काय कर्तव्य? तर मंडळी, जरा धीर धरा. हकिकत ऐका, कर्तव्य काय ते शेवटी आपले आपणच ठरवा.

लिलीचा जन्म २६ एप्रिल १९०५ रोजी सेंट हेलेन्स या गावी झाला. इंग्लंडच्या वायव्य भागातले, त्या काळी लँकेशायर परगण्यात असलेले हे गाव. कोळशाच्या खाणी आणि काचेचे कारखाने ही तेव्हा त्याची ओळख होती. लिलीचा बाप काचेच्या कारखान्यात मजुरी करी. घरात सात भावंडे. अशा घरात मुलीच्या वाट्याला काय येते हे आपल्याला सांगायला नको. धाकट्याला कडेवर घ्यायचे, चूल-भांडी बघायची. पण लिलीचे मन घरात रमत नसे. गावाबाहेरच्या पडीक जागेत तिचे भाऊ चेंडू खेळत, तिथे ती जाई. भावांनी तिला हाकलले नाही, उलट खेळात घेतले. या एका गोष्टीवर तिचे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले. मुलांच्या बरोबरीने खेळता खेळता तिच्या डाव्या पायात असा काही जोर आला की लांबून मारलेला चेंडू थेट गोलात जाऊन पडावा.

आता त्या काळाची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. गावोगावचे पुरुष लढाईवर गेले. कारखाने ओस पडू लागले आणि तोफगोळ्यांची मागणी तर रोज वाढत होती. तेव्हा सरकारने बायकांना कारखान्यात बोलावले. पुलगावचे दारूगोळ्याचे भांडार आपल्या जिल्ह्यात आहे, त्यामुळे हे काम किती जोखमीचे असते ते इकडच्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. अशा जोखमीच्या कामावर इंग्लंडात लाखो बायका उभ्या राहिल्या. कालपर्यंत ज्यांना ‘नाजूक’ म्हटले जाई, त्याच बायका आता बारा-बारा तास यंत्रावर राबू लागल्या, आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

प्रेस्टन नावाच्या गावात डिक, कर या नावाची कंपनी होती. पूर्वी तिथे ट्रामगाड्या होत, युद्धात तोफगोळे होऊ लागले. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात पोरी चेंडूशी खेळत. पुरुष कामगारांनी चेष्टा केली, पोरींनी आव्हान दिले, सामना झाला. कचेरीत काम करणारे आल्फ्रेड फ्रँकलंड नावाचे गृहस्थ खिडकीतून हा खेळ पाहत असत. त्यांनी मनावर घेतले आणि कारखान्यातल्या मुलींचा संघ उभा केला. १९१७ सालच्या नाताळच्या दिवशी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर या संघाचा पहिला मोठा सामना झाला. दहा हजार माणूस जमले. तिकिटाचे पैसे जखमी सैनिकांच्या इस्पितळाला दिले गेले. पुढेही या संघाची रीत हीच राहिली. खेळायचे आणि आलेला पैसा दवाखान्याला, जायबंदी सैनिकांना, गोरगरिबांना द्यायचा.

युद्ध १९१८ साली संपले, पण संघ मोडला नाही. उलट गावोगाव असे संघ निघाले. सेंट हेलेन्सच्या मुलींचाही संघ निघाला आणि त्यात आपली लिली खेळू लागली. प्रेस्टनच्या संघाशी सामना झाला तेव्हा फ्रँकलंडसाहेबांची नजर या पोरीवर पडली. वय अवघे चौदा. त्यांनी तिला प्रेस्टनला बोलावून घेतले, कारखान्यात काम दिले, आणि संघातल्याच एका मुलीच्या घरी तिची राहण्याची सोय केली. सामन्यामागे दहा शिलिंग खर्चाला मिळत. चौदा वर्षांची मजुराची पोर आपल्या पायाच्या गुणावर घर सोडून परगावी आली, असा तो काळ होता.

लिली उंच होती, अंगाने धिप्पाड होती आणि बोलायला कमी होती. डाव्या बगलेवरून ती चेंडू घेऊन निघाली की अडवणारीची पंचाईत होई. त्या काळचा चेंडू जाड कातड्याचा असे. पावसात भिजला की दगडासारखा जड होई. मैदानाच्या कोपऱ्यातून असा ओला चेंडू गोलापर्यंत पोहोचवणे पुरुषांनाही जड जाई, लिली तो सहज पोहोचवी. तिचा फटका अडवताना एका पुरुष गोलरक्षकाचा हात मोडला, अशी आख्यायिका आहे. ती खरी-खोटी कशीही असो, अशी गोष्ट लोकांनी सांगावी यातच तिच्या पायाची ख्याती दिसते.

१९२० हे साल या मुलींचे भरभराटीचे. त्या वर्षी फ्रान्सच्या मुलींचा संघ इंग्लंडात येऊन खेळला आणि इंग्लंडचा संघ फ्रान्सला जाऊन आला. डिसेंबरात डीपडेलवर रात्रीचा सामना झाला. विमाने हेरण्यासाठी सैन्य वापरी ते शोधदिवे मैदानावर लावले, आणि अंधारात दिसावा म्हणून चेंडूला पांढरा रंग फासला. आपल्याकडे कंदील-बत्त्या लावून भजनाची बैठक रंगावी तसा हा खेळ दिव्यांच्या उजेडात रंगला. मिळालेला पैसा युद्धाहून परतलेल्या बेकार सैनिकांसाठी होता.

आणि मग आला २६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूल शहरातले गुडिसन पार्क हे मैदान. समोर लिलीचा जुना गाव, सेंट हेलेन्सचा संघ. त्या दिवशी मैदानात ५३,००० माणूस होते. कित्येक हजार लोक जागा नसल्यामुळे दाराबाहेरून परत गेले. तीन हजारांहून अधिक पौंड जमले आणि तेही दानधर्माला गेले. मुलींचा खेळ बघायला त्रेपन्न हजार! आपल्या मोठ्यातल्या मोठ्या जत्रेची गर्दी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. तेव्हा ‘बायकांचा खेळ बघायला कोण येतो?’ या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे, हे लक्षात ठेवावे.

मग बिघडले कुठे?

बिघडले ते गर्दीमुळेच. इंग्लंडात फुटबॉलचा सारा कारभार फुटबॉल असोसिएशन नावाच्या संस्थेच्या हाती असे. मोठी मैदाने तिच्या सभासद क्लबांची. युद्ध संपून पुरुष परतले होते. त्यांचे सामने पुन्हा सुरू झाले होते. बायकांनी आता कारखाना सोडावा, मैदानही सोडावे आणि घरी जावे, असे समाजातल्या वजनदार मंडळींना वाटू लागले. काही डॉक्टर पुढे आले आणि हा खेळ स्त्रीच्या शरीराला अपायकारक आहे असे सांगू लागले. तोफगोळे भरताना ज्या शरीराची काळजी कोणाला वाटली नव्हती, त्याची काळजी आता चेंडू खेळताना वाटू लागली! त्यातच १९२१ साली कोळसा-खाणींत मालक-मजुरांचा तंटा लागून खाणी बंद पडल्या. मुलींच्या संघांनी खाणमजुरांच्या उपाशी कुटुंबांसाठी सामने केले. हेही काहींना रुचले नसावे, असे इतिहासकार सांगतात.

५ डिसेंबर १९२१ रोजी असोसिएशनने ठराव केला. त्याचा आशय असा की फुटबॉल हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये. सामन्यांच्या पैशातला फार मोठा वाटा खर्चात जातो, असाही ठपका ठेवला. आणि शेवटी सभासद क्लबांनी आपली मैदाने अशा सामन्यांना देऊ नयेत अशी आज्ञा केली.

शिक्षक बंधु-भगिनींनो, या ठरावाची खुबी आपण नीट पाहावी. खेळू नका असे त्यात मुलींना कुठेच म्हटले नाही. तसे म्हटले असते तर कदाचित मुली भांडल्या असत्या. त्यांनी काढून घेतली फक्त जागा. मैदान नाही, तेव्हा बसायला पायऱ्या नाहीत. पायऱ्या नाहीत, तेव्हा माणूस नाही. माणूस नाही, तेव्हा तिकीट नाही आणि प्रवासखर्चही नाही. मग वर्तमानपत्रात नाव येत नाही. नाव येत नाही तेव्हा घरातल्या धाकट्या पोरीला असे काही असते हेच कळत नाही. झाड तोडले नाही, नुसते पाणी बंद केले. पुढे लोक म्हणायला मोकळे झाले, ‘बघा, बायकांना या खेळाची आवडच नाही!’

लिली तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने काय केले? ती खेळत राहिली. १९२२ साली संघ जहाजाने अमेरिका खंडात गेला. कॅनडात पोहोचल्यावर कळले की तिथल्या संस्थेनेही दार लावून घेतले आहे. मग मंडळी पुढे अमेरिकेत गेली. तिथे त्यांच्यापुढे पुरुषांचे संघ उभे केले गेले. मुली डगमगल्या नाहीत. नऊ सामने झाले. तीन जिंकले, तीन हरले, तीन बरोबरीत सुटले. पुरुषांच्या संघांशी, परक्या मुलखात.

परत आल्यावर मात्र दिवस पालटले होते. मोठी मैदाने बंद, म्हणून सार्वजनिक बागेच्या हिरवळीवर, कुठे शेतात, कुठे दुसऱ्या खेळाच्या मैदानावर सामने होऊ लागले. जिथे पन्नास हजार येत तिथे काही हजार, पुढे काही शे. कंपनीशी बिनसल्यामुळे १९२६ च्या सुमारास संघाने ‘प्रेस्टन लेडीज’ हे नाव घेतले. लिलीने मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिकेचे काम धरले. आठवडाभर रोग्यांची सेवा आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉल, असे तिचे वर्षानुवर्षे चालले. दुसरे महायुद्ध आले, गेले. बरोबरीच्या मैत्रिणी थकून घरी बसल्या. लिली खेळतच होती. १९५१ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तिने खेळ थांबवला. सुरुवात केली तेव्हा चौदा वर्षांची होती. हिशेब करा, तीस वर्षांहून अधिक काळ झाला.

या काळात तिने किती गोल केले? नऊशे ते हजार, असा अंदाज सांगितला जातो. अंदाज अशासाठी, की या सामन्यांची अधिकृत नोंद ठेवणारी वहीच कोणाकडे नव्हती. पुरुषांच्या क्लबातल्या सामान्य खेळाडूचासुद्धा गोल तारखेनिशी लिहिलेला सापडतो. लिलीचा हिशेब मात्र जुनी कात्रणे आणि म्हाताऱ्या मैत्रिणींच्या आठवणी यांवरून जुळवावा लागतो. इतिहास शिकवणाऱ्यांनी हे मनाशी धरावे. ज्याची नोंद होत नाही ते घडलेच नाही, असे पुढची पिढी समजते.

नोकरी संपेपर्यंत लिली इस्पितळातच राहिली. मेरी नावाच्या सहकारी परिचारिकेबरोबर तिने घर केले आणि दोघींनी आयुष्य एकत्र काढले. प्रेस्टनचा संघ १९६५ साली बंद पडला. पुढे काळ फिरला. देशोदेशी स्त्रिया पुन्हा मैदान मागू लागल्या, आणि १९७० ते ७१ या काळात असोसिएशनने आपला जुना ठराव मागे घेतला. दार उघडले तेव्हा लिलीने पासष्टी गाठली होती. २४ मे १९७८ रोजी ती वारली. इंग्लंडच्या फुटबॉलमधील थोर खेळाडूंच्या नामावळीत तिचे नाव २००२ साली घातले गेले. त्या यादीतली ती पहिली स्त्री. २०१९ साली मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात तिचा पुतळा बसला. आणि ३१ जुलै २०२२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला २-१ असे हरवून युरोपचे अजिंक्यपद मिळवले, तेव्हा प्रेक्षक होते ८७,१९२. त्रेपन्न हजारांवरून सत्त्याऐंशी हजारांवर यायला एकशे एक वर्षे लागली. मधली पन्नास एका ठरावाने खाल्ली.

ही झाली विलायतेची गोष्ट. आता आपल्या घराकडे वळू.

आपल्या देशात असा ठराव कोणी केला नाही. कागदावर दार कधीच बंद नव्हते. १९७५ साली स्त्रियांच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र संघटना निघाली. त्या वेळच्या मुलींनी कमी साधनांत मोठे काम केले. जानेवारी १९८० मध्ये केरळातील कोझिकोड येथे आशियाई स्पर्धा भरली. यजमान म्हणून भारताने दोन संघ उतरवले, आणि त्यांपैकी एक थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तिथे तैवानच्या संघाने त्यांना हरवले. आपल्या शेजारच्या गोव्याची योलांदा डिसूझा ही त्या काळात भारताकडून खेळलेली नामांकित खेळाडू. १९८३ साली थायलंडमध्ये भारताच्या मुली पुन्हा अंतिम सामन्यात गेल्या आणि दुसऱ्या आल्या. त्याच वर्षी बंगालच्या शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलसाठी हा मान मिळवणारी ती भारतातील पहिली स्त्री. म्हणजे चार वर्षांत दोनदा आशियात दुसरा क्रमांक!

आणि पुढे? पुढच्या स्त्री फुटबॉलपटूला, मणिपूरच्या ओइनाम बेंबेम देवी यांना, अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०१७ साली. मध्ये चौतीस वर्षे गेली. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्त्रियांचा फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला, स्पर्धा भरू लागल्या. पण देशाच्या संघाला परदेशी संघांशी खेळायची संधी इतकी क्वचित मिळे, की २००९ साली सामने न खेळल्यामुळे भारताचे नाव जागतिक क्रमवारीतूनच निघाले. हरल्यामुळे नव्हे, न खेळल्यामुळे! इंग्लंडात ठराव करून जे झाले, ते आपल्याकडे ठरावाशिवाय झाले. दार लावले नव्हते, पण ते उघडून आत बोलवायला कोणी उभे नव्हते.

सुदैवाने चित्र पालटू लागले आहे. २०१० साली सुरू झालेली दक्षिण आशियाची स्पर्धा भारताच्या मुलींनी पहिल्या पाच खेपांना ओळीने जिंकली. २०२२ च्या जानेवारीत आशिया चषक आपल्या महाराष्ट्रात, मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाला. पण नशीब पाहा. इराणशी पहिला सामना बरोबरीत सुटल्यावर संघात करोनाची साथ शिरली, दुसऱ्या सामन्याला पुरेशा खेळाडू उभ्या राहू शकल्या नाहीत, आणि यजमान संघाला स्पर्धा सोडावी लागली. मुली हिरमुसल्या, पण खचल्या नाहीत. जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या भूमीवर थायलंडलाच २-१ असे नमवून भारताने २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील आशिया चषकात आपली जागा खेळून मिळवली. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोर हिचे. १९८३ साली ज्या देशात हरलो होतो, तिथेच हे घडले.

आता आपल्या जिल्ह्याकडे, आपल्या शाळेकडे या.

गावच्या शाळेचे पटांगण डोळ्यांसमोर आणा. चौथीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने धावतात, लंगडी खेळतात, खो-खोत मुलांना दमवतात. सातवी-आठवीत काय होते? पटांगणाचा मधला भाग मुलांकडे जातो आणि मुली कडेच्या निंबाखाली बसतात. त्यांना कोणी ऊठ म्हणत नाही, कोणी बस म्हणत नाही. ‘आता मोठी झाली, चार लोक पाहतात’ एवढे एक वाक्य घरी बोलले जाते, बस्स. त्या वाक्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. असोसिएशनच्या ठरावाचे काम ते बिनबोभाट करते.

महात्मा गांधी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्याच पुढाकाराने १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा पाया घातला गेला. हात, हृदय आणि बुद्धी यांचे शिक्षण एकत्र व्हावे हा तिचा गाभा. याच गांधीजींनी आत्मकथेत प्रांजळपणे सांगितले आहे, की विद्यार्थी असताना आपल्याला व्यायामाची आणि खेळाची नावड होती, आणि ती आपली चूक होती. शिक्षणात शरीराच्या शिक्षणाला बुद्धीच्या शिक्षणाइतकेच स्थान हवे, हे त्यांना पुढे पटले. आता ‘शरीराचे शिक्षण’ म्हणताना निंबाखाली बसलेल्या मुलींचे शरीर आपण त्यातून वगळायचे काय?

आणि साधने नाहीत असे म्हणू नका. आपल्या शेजारी नागपूरला हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली, भर पावसात झोपडपट्टीतली मुले फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांनी चेंडू आणला, मुलांना एकत्र केले, सामने भरवले. त्यातून उभ्या राहिलेल्या कामात आज मुलीही खेळतात, आणि या कामाची दखल जगातल्या सर्वोच्च फुटबॉल संस्थेने २०१६ साली पुरस्कार देऊन घेतली. सुरुवात एका शिक्षकाच्या नजरेने झाली. डोळे तर आपल्यालाही आहेत.

तेव्हा गुरुजी आणि बाई, आपल्याकडे मागणे फार नाही. वेळापत्रकात खेळाचा तास आहेच, त्यात आठवड्यातून दोन दिवस मधले पटांगण मुलींचे असे ठरवून टाका आणि मुलांनाही सांगा. एक चेंडू मुलींच्या नावाचा ठेवा. कपडे बदलायला आडोसा आणि दाराला आतून कडी असलेले स्वच्छतागृह आहे ना, ते पाहा, कारण पुष्कळ मुलींचा खेळ तिथेच अडतो. अंधार पडायच्या आत त्या घरी पोहोचतील अशी वेळ धरा, म्हणजे आईबापांची काळजी अर्धी मिटेल. घरच्यांचा विरोध असेल तर भांडू नका. एका रविवारी सामना ठेवा, सरपंचांना बोलवा, आयांना पुढच्या रांगेत बसवा. पोरीने मारलेला गोल आईने एकदा डोळ्यांनी पाहिला, की पुढचे भांडण ती घरात स्वतःच लढते. आणि एक वही घाला. तारीख, संघ, कोणी किती गोल केले, सगळे लिहा. लिलीसाठी अशी वही कोणी ठेवली नाही. आपल्या मुलींसाठी ती आपण ठेवू शकतो.

पंचायतीच्या मंडळींना, बापांना आणि भावांनाही एक शब्द सांगतो. लिली पार घडली ती प्रथम तिच्या भावांमुळे. पडीक रानात खेळताना त्यांनी ‘तू पोरगी, तू जा’ असे म्हटले नाही, एवढेच त्यांनी केले. सगळ्याच मुली लिली होणार नाहीत, व्हायला नकोही. पण दम लागेपर्यंत धावलेली, हरून पुन्हा उभी राहिलेली आणि दहा जणींबरोबर एका मनाने खेळलेली मुलगी पुढे संसारात, शेतात, नोकरीत कुठेही गेली तरी तो गुण बरोबर नेते.

१९२८ साली वर्ध्याच्या मंदिराचे दार ज्यांनी उघडले, त्यांना ‘आजपर्यंत असेच चालत आले आहे’ हे उत्तर पुरले नाही. त्याच जिल्ह्याचे आपण राहणारे. शाळेच्या पटांगणाला तर दारही नाही, कुलूपही नाही. उद्या मधल्या सुट्टीत निंबाखाली बसलेल्या मुलींना हाक मारा आणि चेंडू त्यांच्याकडे टाका. पहिल्या दिवशी त्या लाजतील, एकमेकींकडे पाहून हसतील. हाक तेवढी दुसऱ्या दिवशीही मारा.